पहिल्या डिव्हिजनचा पावसाळा

मांडवी, रत्नागिरी
ता. ४ मार्च १९३४

दादूस,

धाकूचा नमस्कार. हा कागद फाडायच्या आधी निदान आईची खबर तरी वाचशील, म्हणून तीच आधी लिहितो.

काकी बरी आहे. मिऱ्यावर एकटीच राहते. पायाला सूज असते, पण सांगत नाही. परवा घराच्या मागच्या बाजूचं गवत वाऱ्यानं उडालं, ते मी जाऊन शाकारून दिलं. मैनावहिनी शेजारून हाक मारते, तेवढीच तिची सोबत. तुझं नाव ती घेत नाही आणि दुसऱ्या कुणी घेतलेलं तिला खपत नाही.

तुझा पत्ता भागोजीनं दिला. शिमग्याला आला होता. आपल्या अकरा जणांतला तोच एक अजून सगळ्यांची चौकशी ठेवतो. म्हणाला, दादू कराचीला केमारीच्या गोदीत आहे, कुणाशी फार बोलत नाही, पोरं चेंडू खेळताना दिसली तर वाट बदलतो.

मीही मुंबई सोडली. आता इथं मांडवीला पडावावर असतो. आगबोट खाडीबाहेर उभी राहिली की उतारू पडावातून किनाऱ्यावर आणायचे आणि जाणारे न्यायचे. काम बरं आहे. वारा असला की बोलायला लागत नाही.

दादू, काकीचा राग तू मनावर धरू नकोस. सून सगुणा आजारी म्हणून तिनं तार गुरुवारी केली आणि लेक शनिवारची मॅच खेळून मग निघाला, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. तुला तार शनिवारी मिळाली, हे तू तिला सांगितलंस, पण तिला ते पटलं नाही. तारखात्यात सणासुदीला घोळ होतात. ते गणपतीचे दिवस होते. मी तिला समजावीन. तू फक्त दोन ओळी लिही.

तुझा,
धाकू


मांडवी
ता. २५ मार्च १९३४

दादूस,

तुझं उत्तर नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, पण आगबोट आली की टपालाची थैली कोण घेऊन उतरतोय हे मी बघतो.

इथं मला माणसं त्या पावसाळ्याबद्दल विचारतात. चावडीवर, न्हाव्याकडे, कुठेही. मुंबईत पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलेला रत्नागिरीकरांचा फुटबॉल क्लब, त्याचा कप्तान हा, असं बोट दाखवतात. मग मी सांगतो की गोऱ्यांनी दांडगाई केली, रेफरी त्यांचा होता, पाऊस आडवा आला. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तू मात्र गोलात उभा होतास, तुला हे सांगून चालणार नाही. म्हणून कप्तान काय बघत होता ते तुला लिहितो.

आदल्या वर्षी आपण दुसरी डिव्हिजन जिंकली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मैदानापासून गोदीच्या चाळीपर्यंत लेझीम खेळत आणलं आपल्याला. भगवती क्लबाचे हळदीच्या रंगाचे सदरे अंगात आणि पायात काही नाही. इथं गावात नारळ फोडले. त्या मिरवणुकीत मी लोकांच्या खांद्यांवर होतो. खाली बघितलं तर तू रस्त्याच्या कडेनं बूट घालून चाललेल्या एका गोऱ्या सोजिराकडे बघत होतास. जवळ आलास आणि म्हणालास, ‘‘धाकू, पुढल्या साली ह्यांच्या बुटासमोर आपली बोटं हायत.’’ मी हसलो होतो.

पहिली मॅच जूनमध्ये. पलटणीचा संघ. सात गोल खाल्ले. पाचव्या गोलानंतर लोक मोठ्यानं मोजायला लागले. दुसरीत पाच, तिसरीत रेल्वेवाल्यांशी चार. त्या दिवशी आपण एक गोल केला आणि भागोजी चिखलात लोळला, जणू मॅच जिंकलो. चौथ्या मॅचला रामाच्या पायाची नळी मोडली. तो आवाज तुझ्या गोलापर्यंत आला होता काय? मला तो अजून ऐकू येतो. रामा आता दाभोळला बहिणीकडे असतो, काठी घेऊन चालतो.

मग लोकांनी आपलं नाव ‘सुके बोंबील’ ठेवलं. मैदानात उतरलो की कुंपणापासून ओरडायचे, ‘बोंबील आले, बोंबील आले.’ बाळा सुर्वे चिडून एकाच्या अंगावर धावून गेला, तर त्यालाच बाहेर काढलं.

तुम्हाला वाटत होतं की कप्तान रोज संध्याकाळी क्लबाच्या कामाला जातो. मी मुकादमांच्या दारात बसायचो. मॅच पाचाला, आणि आपली सुट्टी सहाला. कुणाला तासभर लवकर सोडा म्हणून हात जोडायचे. पहिली सात गोलांची मॅच झाल्यावर मुकादम दात काढून म्हणाला, ‘‘हरायलाच जायचंय तर सहाला जा की.’’ आपले सहा जण दिवसभर गोण्या वाहून थेट मैदानात यायचे. उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. मी त्यांना शिव्या घालायचो. मुकादमाचा राग त्यांच्यावर काढायचो, आज कळतं.

सातवी मॅच तुझी. पोलिसांच्या संघानं दुसऱ्या हाफात तुला श्वास घेऊ दिला नाही. पाऊस असा की मला सेंटरवरून तुझा गोल दिसत नव्हता, नुसता तुझा हळदी सदरा इकडून तिकडे पडताना दिसायचा. एकही गोल झाला नाही. शून्य-शून्य. शिट्टी झाल्यावर कुंपणापाशी कुणी बोंबील म्हणालं नाही. त्यांचा कप्तान चालत आला, तुझा हात हातात घेऊन उभा राहिला. तुझी दोन नखं उपटली होती आणि तू हसत होतास. दादू, त्या एका गुणानं माझा घात केला. तोपर्यंत मी हरायला तयार झालो होतो.

पुढच्या तीन मॅच आपण हरलो. शेवटची राहिली गिरणीवाल्यांशी. त्यांचे दोन गुण, आपला एक. जिंकलो असतो तर ते खाली गेले असते आणि आपण राहिलो असतो. शनिवार, २६ ऑगस्ट.

गणपती गुरुवारी होते. पावसामुळे आगबोटी बंद, म्हणून चाळीतली सगळी माणसं आठवडाभर आधीच कोल्हापूरच्या वाटेनं, घाटातून गावाला गेली. खोलीत आपण खेळणारेच उरलो. तुला सगुणेचं पत्र आलं होतं की यायचं जमत असेल तर या. तू मला विचारलंस. मी म्हणालो, ‘‘शनिवारी रात्रीच्या गाडीनं तुला मी स्वतः बसवतो.’’

बसवलं, हे खरं.

पुढचं आज लिहीत नाही.

धाकू


मांडवी
ता. १७ एप्रिल १९३४

दादूस,

काल मिऱ्यावर गेलो होतो. काकीच्या अंगणात बायका जमल्या होत्या, मैनावहिनी, आनंदीबाई आणि दोघी-तिघी. काकीनं मला पाटावर बसवलं, तव्यावरची गरम भाकरी वाढली आणि त्यांच्यासमोर म्हणाली, ‘‘ह्यो बग. कोन कुनाचा? पन तारेचा कळला तसा ह्यानं तेला गाडीत घातला. माज्या पोटी असा एक असता तर सगुनेच्या तोंडात पानी तरी पडला असता.’’

भाकरी तशीच ठेवली. उठून आलो. काल संध्याकाळी आगबोट होती, ती केली. आज लिहायला बसलोय.

तार गुरुवारी आली, दादू.

गणपतीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला. तू पाळीवर होतास. बाकीचे समोरच्या चाळीत आरतीला गेले होते. खोलीत मी एकटा चेंडूच्या आतल्या फुग्याला रबराचं ठिगळ लावत बसलो होतो. तारवाला शिपाई भिजून आला. मी सही केली. इंग्रजी मला तेवढं येतं. सगुणा अत्यवस्थ, ताबडतोब निघ. खाली काकीचं नाव.

मी ती घडी करून चेंडूच्या पंपाच्या पेटीत ठेवली.

त्या वेळी मनात काय होतं ते मी स्वतःलाच खूप वेळा निरनिराळं सांगितलंय. सुरुवातीला म्हणायचो की ताप काय, चढतो तसा उतरतो. मग म्हणायला लागलो, घाट बंद असेल, जाऊन तरी पोचला कुठे असता. हे सगळं मागाहून सुचलेलं आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली की तुझ्या जागी गोलात उभा राहायला दुसरा माणूस नाही. सगुणेचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे आला नाही. तुमच्या लग्नात मी तिच्या हातची पानसुपारी खाल्लेला माणूस आहे.

तू रात्री पाळीवरून आलास. जेवताना म्हणालास, ‘‘गावाकडनं कोन आलं काय रे? मन लागत नाय.’’ मी म्हणालो, नाही. शुक्रवारीही तू तेच विचारलंस. मी पुन्हा नाही म्हणालो. दोनदा. हे तुला आठवत असेल.

गुरुवारी रात्री निघतास तर शुक्रवारी कोल्हापूर आणि शनिवारी संध्याकाळी तू घरी. ती रविवारी पहाटे गेली. मी हिशेब पुष्कळदा करून बघितलाय, घाटात सहा तास जास्त धरूनसुद्धा. तू पोचला असतास.

शनिवारची मॅच तुला माहीत आहे. एक-एक होतं. बरोबरी आपल्या कामाची नव्हती. पाच मिनिटं राहिली आणि मी सगळ्यांना पुढे बोलावलं. माझी जागा मधली, मागची बाजू राखायची. मी ती सोडून गोल मारायला धावलो. मला तो गोल स्वतः मारायचा होता. चेंडू सुटला, त्यांचे दोघं मोकळ्या मैदानातून तुझ्यावर आले. पहिला फटका तू छातीवर घेतलास. दुसरा घ्यायला तू उठत होतास. मी अर्ध्या मैदानावर उभा राहून बघत होतो.

दोन-एक. अकरा मॅच, दहा हरलेल्या, एक बरोबरी. पहिल्या डिव्हिजनमध्ये भगवती क्लब एवढाच.

तू गोलाच्या खांबाला टेकून रडत होतास आणि माझी क्षमा मागत होतास. तूच माझी.

खोलीवर आल्यावर मी तार काढली. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती. तेवढा तुकडा फाडला आणि कागद पाण्यात बुडवला. ‘‘आत्ता आली,’’ म्हणालो, ‘‘शिपायानं भिजवली.’’ तू अंगातला चिखलाचा सदरासुद्धा बदलला नाहीस. स्टेशनवर मी तुला गाडीत बसवलं, आणि खिडकीतून तू माझा हात घट्ट धरून म्हणालास, ‘‘तू व्हतास म्हनून.’’

त्यानंतरचं मला काकीकडून कळलं. तू सोमवारी पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. काकी तुला म्हणाली, तार गुरुवारी गेली, तिथं त्याच दिवशी पोचली, पोस्टातून मी विचारून आलेय. तू म्हणालास, मला शनिवारी मिळाली. ती म्हणाली, चेंडवासाठी आयशीशी खोटा बोलतोस. आणि तेराव्यानंतर तिनं तुला उंबऱ्याबाहेर काढलं.

तेव्हा तुला माझा संशय आला होता काय? मला हे कळायला हवंय आणि विचारायचा हक्क नाही. आला असेल आणि तरी तू आईला माझं नाव सांगितलं नसशील, तर ते मला सोसणार नाही.

मी क्षमा मागत नाही. कशानं मागू.

धाकू


मिऱ्या
ता. ६ मे १९३४

दादूस,

शुक्रवारी तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘‘आयेला सांगितलंस काय?’’ खाली सहीसुद्धा नाही.

नव्हतं सांगितलं. तुला लिहिलं म्हणजे झालं असं मला वाटत होतं. इतक्या लांब लिहिणं सोपं होतं.

आज सकाळी इथं आलो. काकी अंगणात बांगडे सुकत घालत होती. मैनावहिनी आणि आनंदीबाई हाताखाली होत्या. मनात होतं की त्या जाईपर्यंत थांबावं. पण पाटावर बसवलं ते त्यांच्यासमोर, म्हणून सांगितलंही त्यांच्यासमोर. उभ्यानंच सांगितलं. तुला लिहिलं तसंच, पंपाच्या पेटीसकट.

काकीचे हात थांबले नाहीत. एकेक बांगडा उलटत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘गुरवारी किती वाजता?’’

‘‘दोनला.’’

‘‘दुपारच्या?’’

‘‘व्हय.’’

‘‘तवा ती शुद्धीत व्हती,’’ ती म्हणाली. ‘‘शनवारपातूर शुद्धीत व्हती. मला सांगायची, आये, त्यांस बोल लावू नको, घाटात दरड पडली आसल. मीच तिला म्हनले, कसली दरड, तो चेंडू खेलतोय.’’

मैनावहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

काकी म्हणाली, ‘‘ज्याच्यासाठी केलंस ता तरी मिळालं काय?’’

‘‘नाय. हरलाव.’’

तिनं मान हलवली, एखाद्यानं आज मासळी नाही सांगितलं तर हलवावी तशी. मग हात धुतले आणि म्हणाली, ‘‘कागद हाय काय तुज्याकडं? लिव. मी सांगते तसाच लिव. तुज्या पदरचा घालू नको.’’

हा कागद मी त्याच अंगणात बसून लिहितोय. यापुढचं तिचं.

‘‘दादू, तुजी आय सांगते. तू खरा बोललावतास. मी आयकला नाय. शेजारपाजारच्यांसमोर तुला नाय नाय ता बोलले. आता त्यांच्याचसमोर सांगते की माजा लेक खोटा बोलला नाय. सगुनेला म्हायत व्हता, मला नाय. ती तुज्यावर रागावून गेली नाय. हे मी तुला तवाच सांगाया पायजे व्हता, पन रागानं सांगितला नाय. तो माजा गुन्हा. पाय सुजतात, पन चालते. आगबोटी बंद व्हायच्या आत ये. पावसात येकटी रवाया मला आता भय वाटता.

‘‘ह्यो लिवनारा धाकू हाय. ह्यानं घर शाकारला ता गवत मी उद्या काडून टाकनार, बाळा सुर्व्याकडनं दुसरा घालून घेनार. ह्याला मी शाप देत नाय. पन माज्या अंगनात ह्याचा पाय परत नको, नि तुज्या पत्त्यावर ह्याचा कागद परत नको.’’

वाचून दाखवलं. बरोबर हाय म्हणाली. मग मला आनंदीबाईंनाही वाचून दाखवायला लावलं.


मांडवी
ता. २४ मे १९३४

भागोजी,

तुझं पत्र पोचलं. या पावसाळ्यात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये क्लब पुन्हा उतरवायचा म्हणतोस, बाळाही तयार आहे म्हणतोस. उतरवा. माझं नाव यादीतून काढ. का ते बाळाला विचार, मिऱ्यावर आता सगळ्यांना ठाऊक आहे.

तू दादूबद्दल विचारलंस. काल आला.

हंगामातली शेवटून दुसरी आगबोट होती. समुद्राला लाटा धरल्यात. आगबोटीची शिडी हलत होती आणि पडाव तिच्या पोटाशी पुरुषभर वर-खाली होत होता. अशा वेळी लाटेबरोबर पडाव वर आला की उतारूनं हात द्यायचा आणि उडी टाकायची. क्षण चुकला तर माणूस मध्ये सापडतो. हात द्यायला शिडीपाशी मी होतो आणि माझ्यामागे म्हातारा सखाराम तांडेल.

बायकापोरं उतरली. मग वर दादू दिसला. वाळलाय. खांद्यावर पत्र्याची ट्रंक. त्यानं मला ओळखलं. पडाव वर आला, मी हात पुढे केला. तो हलला नाही. पडाव खाली गेला, पुन्हा वर आला. मागचे उतारू ओरडायला लागले. मी हात तसाच धरून होतो. मला वाटलं, बोलणार नाही तरी धरेल, समुद्र आहे.

तो सखारामकडे बघून म्हणाला, ‘‘तांडेलमामा, तुमी या पुढं.’’

मी बाजूला झालो. सखारामनं हात दिला, त्याचा हात धरून दादूनं उडी टाकली आणि नाळेकडे, पडावाच्या पुढच्या टोकाला, जाऊन पाठमोरा बसला.

काकी किनाऱ्यावर आली होती. मिऱ्यापासून चालत, सुजल्या पायांनी, मैनावहिनीच्या आधारानं. पडाव रेतीला लागायच्या आधीच ती गुडघाभर पाण्यात शिरली. दादूनं ट्रंक टाकून पाण्यात उडी मारली. काकी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत होती, आंधळी असल्यासारखी. काय बोलली ते लाटांत ऐकू आलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं.

ट्रंक मी उचलून कोरड्या रेतीत नेऊन ठेवली आणि मागे आलो. सखाराम माझ्याकडे बघत होता.

आगबोटीवर अजून तीसेक माणसं उतरायची होती. आम्ही पडाव फिरवला.

धाकू